मोटारीची ओटी

रुपराव लांजेवार सकाळी उठल्यावर देवाकडे पाहण्यापूर्वी मोटारीखाली पाहत असत. रात्री मोटार उभी केली की तिच्या नाकाखाली ते जुन्या वर्तमानपत्राचा एक ताव पसरून ठेवीत आणि पहाटे तो ओढून काढून, ज्योतिष्याने कुंडली पाहावी तसे त्यावरच्या ओल्या डागाचे परीक्षण करीत. डाग रुपयाएवढा असला तर दिवस बरा. बशीएवढा असला तर दोन डबे पाणी. आणि अग्रलेख पूर्ण भिजला असला तर नागपूरच्या महाल भागाबाहेर जायचे नाही, असे त्यांचे शास्त्र होते. रुपरावांना वाचता येत नव्हते. परंतु अग्रलेख पानावर कोठे छापतात हे त्यांना या मार्गाने ठाऊक झाले होते. वर्तमानपत्राचा इतका नियमित आणि इतका निःस्वार्थ उपयोग करणारा माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता.

मोटार भांड्यांचे व्यापारी भैय्याजी वैरागडे यांची होती. ती विलायतेत घडली एवढे निश्चित होते. कोणत्या कारखान्यात, हे सांगणारी तिच्या नाकावरची अक्षरे एकेक करून गळून पडली होती आणि जी दोन उरली होती त्यांच्यापासून कोणत्याही भाषेत शब्द तयार होत नव्हता. भैय्याजींनी ती १९५१ साली एका वकिलाकडून विकत घेतली आणि त्याच आठवड्यात पारशिवनीकडचा, बैलबंडी हाकणारा एक तरुण ती चालवायला ठेवला. ही हकिकत १९६९ च्या वैशाखातली. तोपर्यंत तो तरुण शेहेचाळीस वर्षांचा झाला होता, त्याची बायको वारून सहा वर्षे झाली होती, मूल झाले नव्हते, आणि जगात ज्याची प्रकृती रोज विचारावी असे त्याच्यापाशी एवढे एकच उरले होते.

मोटारीला एकच व्याधी होती. तिच्या पोटात पाणी टिकत नसे. रेडिएटरमधून ते कोठून तरी झिरपत राही, इंजिन तापे, आणि मग झाकणाच्या कडेने पांढरी वाफ उसळे. रुपरावांनी या व्याधीवर जो उपचार बसविला होता तो त्यांनी बैलांपासून घेतला होता. धापा टाकणाऱ्या बैलाला लगेच पाणी पाजायचे नसते. तसेच तापलेल्या मोटारीचे झाकण लगेच उघडायचे नसते, नाहीतर आतले उकळते पाणी माणसाच्या तोंडावर येते. थांबावे किती, याचेही माप होते. अडीच बिड्या. दोन बिड्या पूर्ण ओढाव्यात, तिसरी अर्ध्यावर विझवावी, झाकणावर ओले फडके टाकून ते सावकाश फिरवावे आणि थोडे थोडे पाणी सोडावे. जे पुस्तकातून यंत्रशास्त्र शिकले त्यांनाही याहून अचूक असे काही सांगता आले नसते. फरक इतकाच, की त्यांनी ते मिनिटांत सांगितले असते.

परंतु चैत्रात बडकस चौकात एक प्रसंग घडला. भर बाजाराच्या वेळी मोटारीने अशी काही वाफ सोडली की आत बसलेले भैय्याजी बाहेरच्यांना दिसेनासे झाले. गर्दीतून कोणीतरी मोठ्याने विचारले, "भैय्याजी शिजले का गा, का अजून एक शिट्टी होऊ देता?" भैय्याजींनी त्या आवाजाचा धनी पुढे महिनाभर शोधला. तो सापडला नाही, तेव्हा राग मोटारीवर निघाला.

धाकट्या मुलाचे, वसंताचे, लग्न कुहीच्या महादेवरावांच्या प्रेमिलाशी ठरले होते. रीतीप्रमाणे आदल्या दिवशी सकाळी वराला हळद लावायची आणि त्याच्या अंगची उरलेली हळद, म्हणजे उष्टी हळद, वरपक्षाच्या बायकांनी वधूच्या घरी न्यायची. ती पोहोचल्याशिवाय वधूला हळद लागत नाही. भैय्याजी स्वतः वऱ्हाडाबरोबर दुसऱ्या दिवशी बसने जाणार होते. त्यांनी रुपरावांना दुकानात बोलावले.

"रुपराव, हळद तू पोचवजो. दुपारी चारच्या आत. अन् नीट आयक. वाटेत हिनं एकदा जरी वाफ सोडली ना, तर हे गाडी नागपूरले वापस येनार नाही. कुहीतूनच कबाड्याले मोडीत देऊन टाकीन."

"अन् मी, भैय्याजी?"

"तू दुकानात बस की. सावली हाय. चिंच लावाची अन् भांडे घासाचे."

कोणतेही श्रम हीन नसतात हे तत्त्व निर्विवाद आहे. मात्र ते सहसा असा मनुष्य सांगतो, ज्याला ते श्रम स्वतः करावयाचे नसतात. रुपरावांनी दुकानातल्या हंड्यांकडे पाहिले. प्रत्येक हंड्यात त्यांना आपले तोंड दिसले, आणि प्रत्येकात ते रुंद, पिवळे आणि उदास होते.

"अन् लपवालपवी चालनार नाही," भैय्याजी म्हणाले. "बाई संगं हाय."

बाई म्हणजे भैय्याजींची थोरली बहीण इंदूबाई. सगळे घर त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्या खरे बोलत. पुष्कळ माणसे खरे बोलतात, परंतु विचारल्यावर बोलतात. आत्याबाई विचारण्याची वाट पाहत नसत. स्वतःच्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा कांदेपोह्यांची बशी त्यांच्या हाती देताना त्यांनी सांगितले होते, "पोरगी घोरते बरं. आताच सांगून ठेवते." अशा साक्षीदारापुढे मोटारीची वाफ लपविणे म्हणजे न्यायाधीशाच्या मांडीवर बसून चोरी करण्यासारखे होते.

निघण्याच्या दिवशी वर्तमानपत्रावरचा डाग बशीहून थोडा मोठा होता. रुपरावांनी डिक्कीत पाण्याचे दोन मोठे डबे भरून ठेवले, एका डब्याच्या कडीला नेहमीची कागदी पुडी बांधली, आणि तेवढ्यात त्यांना नवा फेटा बांधण्यासाठी आत बोलावले. फेटा बांधणारा मनुष्य हौशी होता. त्याने तीनदा बांधला आणि दोनदा सोडला. रुपराव बाहेर आले तेव्हा आत्याबाई मागच्या आसनावर बसल्या होत्या, शेजारी करवली म्हणून वसंताची एकोणीस वर्षांची बहीण सुमती होती, आणि डिक्की लागलेली होती. "चाला बाप्पा, मुहूर्त निघून राहिला!" अशी ओरड झाली आणि रुपरावांनी मोटार हाकली.

आत्याबाईंच्या मांडीवर हळदीचा कटोरा होता. भांड्यांच्या व्यापाऱ्याने उष्टी हळद लहानशा वाटीत पाठवावी हे शोभले नसते, म्हणून भैय्याजींनी दुकानातला सर्वांत मोठा कटोरा काढला होता आणि तो काठोकाठ भरावा म्हणून वसंताला इतकी हळद थापावी लागली होती, की तो दुपारपर्यंत ओळखू येत नव्हता.

दिघोरीपर्यंत सर्व ठीक झाले. पाचगावही मागे पडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेते भाजून निघाली होती. वारा असा होता, की तो नसता तर बरे झाले असते. मोटारीतला उष्णतेचा काटा कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडला होता. रुपराव नाकाने माप घेत. पाचगावच्या पुढे दोन मैलांवर त्यांच्या नाकाला तो ओळखीचा, तापलेल्या लोखंडाचा वास आला. पाठोपाठ बॉनेटच्या फटीतून एक पांढरी शेंडी वर निघाली.

"रुपराव," आत्याबाई म्हणाल्या, "समोर काय होय गा ते?"

रुपराव आयुष्यात फारसे खोटे बोलले नव्हते, त्यामुळे सवयीचा अभाव आडवा आला. "धूळ होय, आत्याबाई."

"धूळ खाली बसते. हे वर जाऊन राहिलं."

रुपरावांनी मोटार एका कडुनिंबाखाली उभी केली, इंजिन बंद केले आणि दोन्ही हात चाकावर ठेवून म्हणाले, "वाफ होय."

"मंग तसं म्हन ना. भैय्याले मी तेच सांगन."

झाले. जे व्हायला नको होते ते पाचगावच्या पुढे दोन मैलांवर होऊन गेले होते. परंतु मनुष्याचे कर्तव्य त्याच्या आशेपेक्षा अधिक काळ टिकते. मोटार जाईल तेव्हा जाईल. आज हळद पोहोचायची होती. रुपराव खाली उतरले आणि सवयीने कानामागची बिडी काढली.

"बिडी?" आत्याबाई आतून कडाडल्या. "देवाच्या हळदीपाशी?"

"आत्याबाई, हे ओढल्याशिवाय झाकन उघडता येत नाही."

"झाकन बिडीनं उघडते का?"

रुपरावांनी अडीच बिड्यांचे शास्त्र समजावून सांगितले. आत्याबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि बिडी न पेटवता ओढावी असा निवाडा दिला. त्याप्रमाणे रुपराव, डोक्यावर नवा फेटा, तोंडात न पेटवलेली बिडी, अशा स्थितीत मोटारीकडे पाठ करून उभे राहिले आणि झुरके घेऊ लागले. मधूनच ते राखही झटकीत. पहिली बिडी संपली असे वाटल्यावर त्यांनी ती टाकून दुसरी घेतली. सुमती पदर तोंडात कोंबून हसत होती. "रुपरावकाका, ठसका लागन!" ती म्हणाली, आणि रुपरावांना खरोखरच ठसका लागला.

तिसरी बिडी अर्धी झाली तेव्हा ते पाणी आणायला डिक्कीकडे गेले. डिक्कीत डबे नव्हते. तिथे लाडवांची टोपली होती, साड्यांचे गाठोडे होते, आणि आहेराची नवी कोरी पितळी कळशी होती.

"डबे?" रुपराव म्हणाले.

"कोनते? ते घासलेटचे?"

"घासलेट कधीकाळी होतं. आता पानी होतं."

"वास तर येतच होता. हळदीच्या गाडीत घासलेटचे डबे शोभतात का? मी काढले," आत्याबाई म्हणाल्या. ज्या सत्यनिष्ठेने त्या दुसऱ्यांचे दोष सांगत त्याच निष्ठेने त्यांनी स्वतःचाही सांगितला, हे नोंदविले पाहिजे.

शंभर पावलांवर एका शेतात विहीर होती आणि तिच्या रहाटावर दोर होता, परंतु बादली नव्हती. उरली कळशी. आत्याबाईंनी थोडा विचार करून ती देऊ केली. "वापर. मी तिथं सांगन, वापरलेली हाय म्हनून." रुपरावांनी पहिली कळशी आणली, झाकण उघडले, पाणी ओतले. दुसरी ओतली. तिसरी ओतताना सुमतीने वाकून पाहिले आणि ती म्हणाली, "काका, वरून जेवढं टाकून राहिले तेवढं खालून जाऊन राहिलं."

रुपराव उताणे होऊन मोटारीखाली सरकले. रेडिएटरच्या तळाशी, सुईने टोचल्यासारखे एक भोक पडले होते आणि त्यातून एक बारीक, नेटकी धार जमिनीवर पडत होती. रोजचा डाग इथूनच येत होता. आज रस्त्याच्या खड्ड्यांनी तोंड मोठे केले होते. त्यांनी बोट लावले. धार थांबली. बोट काढले, सुरू झाली. कुहीपर्यंत असे पालथे-उताणे होऊन बोट लावून जाणे शक्य नव्हते, जरी क्षणभर त्यांच्या मनात तो विचार येऊन गेला.

ते बाहेर आले. फेट्याला माती लागली होती.

"आत्याबाई, त्या डब्याले माही एक पुडी बांधली होती. हळदीची."

"गाडीत हळद काहून गा?"

"ताराचंद मिस्तरीनं शिकवलं. हळद पान्यासंगं आत फिरते, जाता जाता भोकापाशी अडकते अन् तिथंच फुगून बसते. आपुन जखमेले लावतो ना, तसंच."

"मंग दे टाकून."

"पुडी डब्यासंगं गेली."

कडुनिंबावरचा कावळाही मान वाकडी करून खाली पाहू लागला. मग रुपरावांनी, सुमतीने, आणि शेवटी स्वतः आत्याबाईंनी मांडीवरच्या कटोऱ्याकडे पाहिले.

"नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"मी काही म्हनलं नाही."

"म्हनाची गरज नाही. हे वसंताच्या अंगची हळद हाय. वराची उष्टी वधूले. आता का मोटारीची उष्टी वधूले देऊ?"

"आत्या," सुमतीने मनगटावरचे घड्याळ दाखविले, "पावनेतीन झाले. आपुन चारले पोचलो नाही तर वैनीले कोनाची उष्टी लागन?"

रुपराव खाली मान घालून उभे होते. मोटारीच्या दिव्यावरची धूळ ते नकळत तळहाताने पुसत होते. ही मोटार वाचण्यासारखी उरली नव्हती. वाफ निघून गेली होती आणि साक्षीदार मागे बसला होता. तरीही ते म्हणाले, "हिनं पोचवावं एवढंच. मंग जे होईन ते होईन. आजपावेतो कोनालेच अर्ध्या वाटेत टाकलं नाही हिनं. उशीर केला असन. टाकलं नाही."

आत्याबाई कटोरा घेऊन खाली उतरल्या.

"अर्धी," त्या म्हणाल्या.

रुपरावांनी हात पुढे केला. आत्याबाईंनी कटोरा मागे ओढला. "हात नको लावजो. सवाष्णीचा हात पायजे." रुपराव लगेच दोन पावले मागे सरले. विधुराचा हात हळदीला चालत नाही हे त्यांना सांगावे लागले नाही.

सवाष्ण तिथे एकच होती, त्यामुळे मोटारीत हळद घालण्याचे काम आत्याबाईंवर आले. आणि इथेच ती गोष्ट घडली जिच्यामुळे पुढचे सर्व घडले. आत्याबाईंच्या हाताने गेल्या चाळीस वर्षांत निदान शंभर वधूवरांना हळद लावली होती. त्या हाताला हळद ओतणे माहीत नव्हते. लावणे माहीत होते. बुद्धीने ठरविलेली गोष्ट हात ऐकतोच असे नाही. त्यांनी कटोऱ्यातली आंब्याची दोन पाने उचलली, हळदीत बुडवली, आणि खाली वाकून मोटारीच्या पुढच्या चाकाला लावली.

"आत्याबाई, तिथं नाही. वरतं."

"चूप बस. हळद पायापासून वर चढत असते."

चाकानंतर बंपर, बंपरानंतर दोन्ही दिवे, दिव्यांनंतर बॉनेट, अशी हळद वर चढली. एकदा नाही, पाचदा. चौथ्या खेपेला त्या गुणगुणूही लागल्या होत्या. रुपराव दर खेपेला "आता आत टाका ना, धार चालू हाय" असे म्हणत होते आणि दर खेपेला त्यांना "घाई नको करू गा, अपशकुन होते" असे उत्तर मिळत होते. शेवटी पाच वेळा पूर्ण झाल्यावर आत्याबाईंनी रेडिएटरच्या तोंडात वाकून पाहिले.

"हे काय, तोंड होय का?"

"तोंडच समजा."

"मंग गोड काहून नाही दिलं आधी?" असे म्हणून त्या लाडवांच्या टोपलीकडे वळल्या. रुपरावांनी आयुष्यात प्रथमच मालकाच्या घरच्या बाईपुढे आवाज चढविला. "लाडू नाही! आत्याबाई, पाया पडतो, लाडू नाही!"

अर्धा कटोरा हळद आत गेली. रुपरावांनी कळशीभर पाणी ओतले, इंजिन सुरू केले आणि पुन्हा मोटारीखाली गेले. धार पिवळी झाली. मग तिचे थेंब झाले. मग थेंबांमधले अंतर वाढत गेले. पुढचा थेंब आलाच नाही. रुपराव उताणे पडून त्या कोरड्या जागेकडे पाहत राहिले, आणि सुमतीने "काका, झोपले का?" म्हणून विचारीपर्यंत उठले नाहीत.

चाराला दहा मिनिटे कमी असताना मोटार कुहीला महादेवरावांच्या मांडवापुढे उभी राहिली. वाफेचा लवलेश नव्हता. ताट-निरांजन घेऊन बायका पुढे आल्या, त्यांच्या अग्रभागी महादेवरावांची वृद्ध आत्या जिजाबाई होती, जिचा शब्द त्या घरात पंचांगाच्या वर चाले. ओवाळण्यासाठी उचललेले ताट तिने मध्येच थांबविले.

"हे वं काय? गाडीच्या डोळ्याले हळद कोनं लावली?"

दुसऱ्या कोणी काही उत्तर शोधले असते. आत्याबाईंनी कडुनिंबापासून कळशीपर्यंत सर्व सांगितले, डबे आपण काढल्याचेही सांगितले, आणि लाडवांचेही, जे सांगण्याची काहीच आवश्यकता नव्हती.

मांडवात कुजबुज उठली. "मोटारीची उष्टी हळद आमच्या पोरीले लावता?" कोणी म्हणाले. "नागपूरचे लोक हायत बाप्पा, काही बी करतीन." महादेवराव एकदा कटोऱ्याकडे आणि एकदा मोटारीकडे पाहू लागले, ते दिसायला धिप्पाड होते, परंतु अशा प्रश्नांवर त्यांना मत नसे. रुपराव पुढे झाले आणि त्यांनी हात जोडले.

"दोष माहा हाय, बाई. आत्याबाईचा नाही. गाडी माही... भैय्याजीची गाडी, पन पानी पाहाचं काम माहं."

जिजाबाईने त्यांच्याकडे लक्षच दिले नाही. तिने आत्याबाईंची उलटतपासणी सुरू केली.

"हळद कोनाच्या हातानं लागली?"

"माह्या."

"सवाष्ण हायस?"

"हे काय, कुंकू दिसत नाही का?"

"कितीदा लावली?"

"पाचदा."

"वरून खाली का खालून वर?"

"खालून वर. मी का पयल्यांदा लावून राहिली?"

"मंग चुकलं कुठी?" जिजाबाई मांडवाकडे वळली. "वराच्या घरची हळद घेऊन जे येते, जिच्या अंगाले हळद लागली असते, तिले काय म्हनतात? हे पोरगी पाहा, हिच्याही गालाले हाय." तिने सुमतीच्या गालावरचा सकाळचा पिवळा पट्टा दाखविला. "करवली म्हनतात. दोन करवल्या आल्या. एक दोन पायाची, एक चार चाकाची. हळद पुरते का? पुरते. प्रेमिलाले पाच बोटं लागते. बाकीची तर पोरी भिंतीलेच पुसतात. चाला, करवल्यांची ओटी भरा."

धर्मशास्त्राचा एखादा कठीण प्रश्न इतक्या थोड्या शब्दांत सुटल्याचे फारसे ऐकिवात नाही. मात्र निर्णय सोपा असला तरी त्याची अंमलबजावणी अवघड निघाली. मोटारीला पदर नव्हता. नारळ बॉनेटवर ठेवला तो घरंगळला. तीनदा ठेवला, तीनदा घरंगळला. "नको म्हनते वाटते," एक पोरगी म्हणाली, आणि जिजाबाईने तिला डोळ्यांनी गप्प केले. अखेर रुपरावांनी मडगार्ड आणि दिवा यांच्यामधली खोबण दाखविली आणि नारळ तिथे स्थिरावला. हिरवा खण आरशाला बांधला. तांदूळ बॉनेटवर वाहिले, त्याबरोबर चार कोंबड्या वर चढल्या आणि टिपू लागल्या. करवलीच्या ओटीतले दाणे असल्यामुळे त्यांना हाकलावे की नाही हे कोणालाच ठरवता येईना.

त्या रात्री रुपरावांना पोटभर जेवण मिळाले, परंतु ते गेले नाही. बायकांचा खेळ तो खेळ. भैय्याजी तो भैय्याजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाडाची बस आली. भैय्याजी उतरले, त्यांनी व्याह्यांना आलिंगन दिले आणि दुसऱ्याच वाक्याला बहिणीला विचारले, "बाई, वाफ?"

रुपराव दहा पावलांवर उभे होते. आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी आधीच सावरलेला पदर पुन्हा सावरला. खरे बोलण्यापूर्वी असा वेळ काढण्याचे प्रसंग त्यांच्या आयुष्यात थोडेच आले असतील. मग त्या म्हणाल्या, "एकदा. पाचगावच्या पुढं."

"झालं. रुपराव, चाबी दे."

रुपरावांनी कमरेची किल्ली काढून दिली. अठरा वर्षांत ती त्यांच्या कमरेपासून फक्त झोपेत दूर झाली होती. भैय्याजी व्याह्यांकडे वळले. "महादेवराव, कुहीत कोनी कबाडी हाय का हो? हे गाडी देऊन टाकाची होती."

महादेवरावांचा चेहरा पडला. ज्या माणसाला कालपर्यंत कशावरच मत नव्हते त्याला आज एका क्षणात मत झाले, कारण प्रश्न आता त्याच्या अब्रूचा होता.

"भैय्याजी," ते हात जोडून म्हणाले, "आमच्याकून मानपानात काही कमी पडलं का?"

"नाही बाप्पा. काहून?"

"मंग काल ओटी भरली त्या करवलीले तुमी आज कबाड्याले देता?"

भैय्याजींना आधी ही थट्टा वाटली. त्यांनी मोटारीकडे पाहिले. पिवळे दिवे, हिरवा खण, खोबणीतला नारळ, आणि बॉनेटवर अजूनही एक कोंबडी. मग त्यांनी भोवतालच्या चेहऱ्यांकडे पाहिले. तिथे थट्टा नव्हती. गर्दीतून जिजाबाई पुढे आली.

"व्याहीबुवा, आमची पोरगी आज तुमच्या घरी येऊन राहिली. पुढं कधी तिचंही अंग तापलं, तिचंही पानी कमी झालं, तर तिलेही असंच मोडीत काढसान का? तसं असन तर आताच सांगून द्या. मांडव अजून उभा हाय."

वसंत बाशिंगाआडून बापाकडे पाहत होता, आणि त्याच्या दृष्टीत मोटारीविषयी यापूर्वी कधी न दिसलेली कळकळ होती. भैय्याजींनी खाकरून घसा साफ केला, किल्ली दोनदा हातात फिरवली आणि ती रुपरावांपुढे धरली.

"घे गा. मी आपलं विचारलं. कबाडी हाय का, एवढंच विचारलं."

"मीही तेच आयकलं, भैय्याजी," रुपराव म्हणाले. किल्ली कमरेला बांधताना त्यांना गाठ दोनदा मारावी लागली.

परतताना वधूवर मागे बसले आणि भैय्याजींना पुढे बसावे लागले. रस्त्याने मोटार एकदाही तापली नाही, तरीही दर पाच मैलांवर स्वतः भैय्याजीच म्हणत, "थांबव गा जरा. पाहून घे." कारण मागे व्याह्यांची मुलगी होती, आणि ती माहेरी पत्रे लिहू शकत होती.

तशी ती लिहीतही असे. आषाढात महादेवरावांचे पोस्टकार्ड आले. भातरोवणीची खबर होती, जिजाबाईचे आशीर्वाद होते, आणि शेवटी "चौघी बायकांनी मुद्दाम विचारले आहे की मोटारीची प्रकृती कशी आहे" असे होते. रेडिएटर बदलण्याचा विषय निघाला की नऊ वर्षे "उद्या पाहू" म्हणणारे भैय्याजी त्याच दिवशी ताराचंद मिस्तरीच्या गॅरेजात गेले. संध्याकाळी त्यांनी दुकानात बसून उत्तर लिहिले आणि ते पेटीत टाकायला रुपरावांकडे दिले.

"काय लिहिलं, भैय्याजी?" रुपरावांनी विचारले.

भैय्याजींनी चश्मा पुन्हा चढविला आणि थोड्या नाखुशीने वाचले: "करवलीची प्रकृती उत्तम. नवीन रेडिएटर बसविला आहे. काळजी नसावी."

"पुन्हा एकदा वाचा ना," रुपराव म्हणाले.